कप्प्यातली ऊब

ऐका जरा. बोनेटखालून बोलतेय मी, गाडीची बॅटरी. हो, तीच, जिच्या नावाने तुम्ही सकाळी सकाळी बोटं मोडता.

गाडी सुरू झाली की कौतुक इंजिनाचं. नाही झाली की बॅटरी मेली. माणसांची ही रीत मला नवी नाही. भाजी चांगली झाली की भाजी ताजी होती, बिघडली की करणारीचं लक्ष नव्हतं. मी रडगाणं गायला बसलेले नाही. पण माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि कसा गेला, ते मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कोणावर सोडलं तर तो परत इंजिनाचं कौतुक करून मोकळा होईल.

माझा जन्म कारखान्यातला. काळं खोकं, आत सहा खण, खणाखणात शिशाच्या पट्ट्या, आणि वरून ओतलेलं तेजाब. तोंडात तेजाब घेऊन जन्मले, त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. वजन म्हणाल तर मला उचलणारा आधी स्वतःची कंबर धरतो, मग मला.

दुकानात फळीवर बरेच दिवस बसून होते. मग एक सुतार आला. दुकानदार गॅरंटीचं पुराण लावून बसला होता, सुताराचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने माझ्या डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, लाकूड पोकळ आहे का बघतात तसं, आणि म्हणाला, "ही द्या. आतून भरलेली वाटतेय."

उभ्या आयुष्यात माझी एवढी तारीफ कोणी केली नाही.

सुताराची गाडी म्हणजे बेकरीची जुनी, पाव वाहणारी गाडी. फर्निचरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्याने ती घेतली आणि तिच्या पोटात घर बसवलं. भिंतीत मिटणारं टेबल, खाली पेट्या असलेला पलंग, खड्ड्यातून गेली तरी न खडखडणारी कपाटं. एवढ्याशा जागेत मोरीसुद्धा. सगळं त्याच्या हातचं. पावाचा वास मात्र त्याला काढता आला नाही. उन्हात गाडी तापली की आजही येतो.

या घरात बॅटऱ्या दोन, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच आहे. मी इंजिनाची. सेल्फ मारला की इंजिनाला झोपेतून उठवायचं, हे माझं काम. दुसरी पलंगाखालची, घरातली. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, मालकिणीचं शिलाई मशीन, हे तिचं काम. आम्ही दोघी जावा म्हणा. तिला टपावरच्या सोलरच्या पत्र्यातून सूर्य बसल्या जागी भरवतो. मला मात्र गाडी पळेल तेव्हाच डायनामो वाढतो. गाडी उभी म्हणजे माझा उपास. तक्रार नाही, बिनकामाची बसून असेन तर मी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. फक्त तेवढ्यात माझ्या तोंडचं कोणी काढू नये.

सुतार आणि मालकीण, म्हणजे त्याची बायको, गावोगाव फिरायचे. तो दारं-खिडक्या दुरुस्त करायचा, ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. गाडी चालवायला त्यानेच तिला शिकवलं, भांडत भांडत. ती गिअर टाकायची आणि तो डोळे मिटायचा.

"डोळे कशाला मिटता? मी काय दरीत घालतेय?"

"नाही, तू मस्त चालवतेस. मला बघवत नाही एवढंच."

सुताराचे दात खोटे होते. कवळी त्याला टोचायची, म्हणून गाडी चालवायला बसला की तो ती काढायचा, साबणाच्या चपट्या डबीत ठेवायचा आणि डबी शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यात. कप्प्याचं झाकण लावलं की आवाज यायचा. टक. मग त्याचं गाणं सुरू. बिनदातांचं. कुठलंही गाणं घेतलं तरी ते एकच ऐकू यायचं.

"दात लावा नाहीतर गप्प बसा," मालकीण म्हणायची.

"दात लावले की गाडी चालवता येत नाही. तोंड एक आणि कामं दोन, कसं जमायचं?"

त्या कप्प्यात एक चिमुकला बल्ब आहे. झाकण उघडलं की लागतो, लावलं की विझतो. तो माझ्यावर चालतो. बोनेटखाली मला दिसत काहीच नाही, पण तो कप्पा माझ्या भिंतीपलीकडेच, त्यामुळे ऐकू सगळं येतं, बाकीचं मी त्यावरून जुळवते. आणि कोणी माझ्यातून घोट घेतला तर ते कळतंच. झाकण उघडलं, एक घोट गेला. टक झालं, थांबला. इतका साधा कारभार.

मग एका हिवाळ्यात सुतार गेला. दुखणं लांबलं नाही. दवाखान्याने त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. चप्पल, चष्मा, कवळी. मालकीण पिशवी घेऊन गाडीत आली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि किल्ली न लावताच स्टीअरिंग धरून राहिली. मी वाट बघत होते. त्या दिवशी मला कोणी हाक मारली नाही.

चप्पल तिने देऊन टाकली. चष्मा लेकाने नेला. कवळी कोण नेणार? लोक बापाचं घड्याळ नेतात, बापाचे दात कोणी नेत नाही. आणि टाकायची तर टाकायची कुठे? कचऱ्यात? ज्या तोंडाने आयुष्यभर तिला चिडवलं, त्यातली ती अर्धी बत्तीशी. तिने ती कप्प्यात परत ठेवली.

पण साबणाच्या डबीत ठेवायला तिचं मन होईना. सुतार रिटायर झाला तेव्हा कारखान्याने त्याला घड्याळ दिलं होतं. घड्याळ लेकाच्या हातात गेलं होतं, त्याची पेटी तेवढी उरली होती. आतून मखमल लावलेली, भारदस्त. कवळी त्या पेटीत गेली. साबणाची डबी परत साबणाला.

पेटी होती जरा उंच. कप्प्याचं झाकण लागायचं, पण पुरतं नाही. खटका पहिल्याच खाचेत अडकायचा. बघणाऱ्याला वाटावं, लागलंय. टक ऐवजी आवाज यायचा टप.

आणि बल्ब चालू राहायचा.

घोट कसला, थेंबच तो. पण नळ ठिबकत राहिला की बादली भरते, हे बायकांना सांगायला नको. गाडी रोज पळाली तर डायनामो माझी तूट भरून काढायचा. पण एका जागी चार-पाच दिवस मुक्काम पडला की माझ्यात ठणठणाट.

मुक्काम तर पडायचेच. सुतार गेल्यावर त्याची थोरली बहीण मालकिणीच्या सोबतीला गाडीत राहायला आली. मालकीण तिला वन्सं म्हणते, म्हणून मीही वन्संच म्हणते. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी हयात घालवलेली. शंभर पोरींना एका हाकेत जेवायला बसवणारा आवाज. गाडीतल्या गाडीत मीठ मागायचं असलं तरी तोच आवाज. दोघींनी शिवणाचं काम धरलं. वन्सं कापायच्या, मालकीण शिवायची. नव्या इमारती उठल्या की तिथे गाडी लावायची, चार घरांचे पडदे शिवून द्यायचे आणि पुढे निघायचं.

लेकाला हे पसंत नव्हतं. वाईट नाही तो, आईच्या काळजीने हैराण झालेला. "आई, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. बाल्कनी आहे. दोघी या. या वयात रस्त्यावर काय राहता?"

"रस्त्यावर नाही राहत, गाडीत राहतो," मालकीण म्हणायची.

"आणि वय कोणाचं काढतोस रे?" वन्सं आतून ओरडायच्या.

पहिल्यांदा गाडी अडली ती अशाच एका मुक्कामानंतर. मालकिणीने किल्ली फिरवली. मी जीव एकवटला. इंजिन म्हणालं, टिक टिक टिक. आणि संपलं.

"बॅटरी मेली," शेजारी उभा असलेला भाजीचा टेम्पोवाला लगेच म्हणाला. माझी नाडीसुद्धा बघितली नाही.

"बॅटरी कशी मेली? आत दिवे लागतायत. आत्ता मशीनवर शिवत होते मी!"

आता सांगा. दिवे जावेचे, मरण माझं. तरी टेम्पोवाला चांगला निघाला. त्याने केबल काढल्या. अधिकाचं टोक अधिकाला, उण्याचं गाडीच्या उघड्या लोखंडाला, आणि त्याच्या बॅटरीने मला हात दिला. गाडी सुरू झाली. दिवसभर पळाली. मी पोटभर जेवले. सगळे विसरले.

पुढच्या मुक्कामाला तेच. मग त्यांनी वायरमन बोलावला, गाड्यांच्या विजेची कामं करणारा. त्याने बोनेट उघडून माझी टोकं बघितली. त्यावर पांढरी-हिरवी पावडर चढली होती. "काकू, हे बघा. अशाने करंट जाणार कसा?" गरम पाण्यात खायचा सोडा घालून त्याने माझी टोकं घासली, ग्रीस लावलं. न्हायल्यासारखं वाटलं. मग डायनामो तपासला, पट्टा तपासला, अर्थिंगच्या तारा ओढून बघितल्या. शेवटी माझ्यावर भार टाकून माझा दम बघितला. मी टिकले.

"बॅटरी ठीक आहे. वीज कुठे गळतही नाहीये. आता काही होणार नाही."

गळत नव्हती, कारण वायरमन येणार म्हटल्यावर मालकिणीने कप्पा उघडून पेटी काढली होती आणि शिवणाच्या टोपलीत, चिंध्यांखाली सारली होती. परक्या माणसाने गाडीत डोकं घालावं आणि समोर नवऱ्याचे दात? काय म्हणेल तो? पेटी काढली की झाकण पुरतं बसायचं. टक. गळती बंद. वायरमन गेला की पेटी परत आत. टप. डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलं की पोरांची पोटदुखी थांबते ना, त्यातली गत.

पण नुसत्या लाजेपायी ती पेटी जपत होती असं समजू नका. खरी गोष्ट वेगळीच होती.

रोज सकाळी चहा झाला की मालकीण एकटी पुढे यायची, ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, हात लांब करून कप्पा उघडायची आणि पेटी पोटाशी धरायची. पेटी कोमट असायची. बाहेर दव पडलेलं असो, काचेवर धुकं असो, पेटी कोमट. तळहातावर कोणाचा तरी हात ठेवल्यासारखी.

ती हळू आवाजात म्हणायची, "आहात होय? बरं."

बस, एवढंच. मग पेटी जागेवर आणि ती कामाला.

एकदा वन्संनी बघितलं. "काय गं, पोटात दुखतंय?"

"नाही. बसलेय जरा."

"मग पेटी शेकतेस कशाला?"

"शेकत नाही. धरलीय."

पेटीत काय आहे हे वन्संना ठाऊक होतं. ऊब मात्र मालकिणीने कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर कोणीतरी दोन शब्दांत तिचा निकाल लावला असता, आणि ते तिला नको होतं. ती ऊब कोणाची, हे मला माहीत होतं. ती माझी होती. रात्रंदिवस थेंब थेंब मी देत होते आणि त्या बल्बाखाली पेटी तापत होती. पण मला विचारतं कोण, आणि मला बोलता कुठे येतं? येत असतं तरी मी काय बोलले असते, देव जाणे.

तिसऱ्यांदा मात्र फजिती झाली. एका गोदामाच्या फाटकाला लागून त्यांनी गाडी लावली होती. सुट्ट्या होत्या, राखणदाराने हरकत घेतली नव्हती, फक्त कामावर माणसं यायच्या आत हलवा म्हणाला होता. हलवायच्या वेळी मी आडवी. फाटकासमोर ट्रकांची रांग लागली. हॉर्न, आरडाओरडा. कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यांनो, घरी बसा की!" वन्संनी त्याला असं काही सुनावलं की तो गुपचूप गाडी ढकलायला आला. पण ही गाडी काय ढकलून हलते? शेवटी लेकाला ऑफिस सोडून, केबल घेऊन लांबून यावं लागलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. म्हणाला, "आई, आज फाटक होतं. उद्या रस्त्याच्या मधोमध बंद पडली तर? आता मी ऐकणार नाही. गाडी वायरमनकडे ठेवू. त्याला हवे तितके दिवस बघू दे. बरी झाली तर तुझी. पण त्यानंतर एकदा जरी बंद पडली, तर किल्ली माझ्याकडे. गाडी विकायची आणि तुम्ही दोघी माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," मालकीण म्हणाली.

मी वायरमनच्या आवारात राहिले. दोघी लेकाकडे राहिल्या, शिवणाची टोपली बरोबर घेऊन. आठवडा झाला तरी मी ताठ. वायरमनने किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात उठलं. त्याने दोन दिवस जास्त ठेवली, परत तेच. "काकू, गाडीत काही नाही. खुशाल न्या."

लेकाच्या घराविषयी दोघी गाडीत बोलत होत्या ते मी ऐकलं. वन्सं म्हणाल्या, "खोली चांगली आहे. फक्त दिवसभर करायचं काय, ते कळत नाही. तुझी सून हातातलं भांडं काढून घेते."

"प्रेमाने घेते हो."

"प्रेमानेच तर. नाहीतर परत हिसकावलं असतं मी."

मालकीण हसली. मग पेटी कप्प्यात ठेवली. टप.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका नव्या इमारतीचे पडदे आले, काम चांगलं होतं, मुक्काम लांबला. निघायच्या सकाळी मालकिणीने किल्ली फिरवली. टिक टिक टिक.

ती रडली नाही. किल्ली काढली, पदराला पुसली आणि लेकाला फोन लावला. शब्द दिला होता तिने. वन्सं म्हणाल्या, "अगं, त्या वायरमनला आधी बोलाव. गुपचूप सुरू करू आणि निघू. लेकाला कळतंय कुठे?"

"मला कळतंय ना."

दुपारी लेक वायरमनला घेऊनच आला. पेटी तोवर टोपलीत गेली होती.

वायरमनने माझ्यावर मीटर लावला आणि तोंड वाकडं केलं. पार उतरले होते मी. आधी त्याने स्वतःच्या बॅटरीवरून मला थोडं पाजलं, मग उण्या टोकाची केबल सोडून मधे मीटर अडकवला आणि बघत राहिला. गळती नाही.

"दादा, बॅटरी बदलून टाकू का? पण बदलून काय होणार, हेच मला कळत नाही," तो लेकाला म्हणाला. "माझ्याकडे इतके दिवस उभी होती. तीच गाडी, तीच बॅटरी. काही झालं नाही. इथे येऊन मेली. माझ्या आवारात नाही आणि इथे आहे, असं काय आहे?"

"आम्ही दोघी," वन्सं म्हणाल्या.

लेक दमला होता. "राहू दे आता. आई, किल्ली."

मालकिणीने किल्ली पुढे केली. लेकाने घेतली. सुताराने त्या किल्लीला लाकडाचा एक छोटा रंधा कोरून अडकवला होता, तो लेकाच्या बोटांत हलत राहिला.

वायरमनने केबल गोळा करता करता सहज विचारलं, "काकू, मी यायच्या आधी तुम्ही काही बंद केलं होतं का? काही काढलं वगैरे? मागच्या वेळीही?"

वन्संनी टोपलीकडे बघितलं असणार, कारण मालकीण म्हणाली, "वन्सं, बघू नका तिकडे."

"मी कुठे बघतेय? मी तर आभाळाकडे बघतेय."

त्या वेळी त्या बाईच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे, कारण त्या पेटीची ऊब आम्हा दोघींनाच माहीत होती. सांगितलं तर वायरमन दोन शब्दांत निकाल लावणार. नाही सांगितलं तर किल्ली गेली, गाडी गेली, सुताराने रंधा मारलेली प्रत्येक फळी गेली. ऊब ठेवायची तर घर जातं. घर ठेवायचं तर ऊब जाते.

"काढलंय," ती म्हणाली. आवाज चढलेला, कोणी भांडायला आल्यासारखा. "पेटी काढलीय. दर वेळी काढते. थांबा."

तिने टोपली आणली, चिंध्या बाजूला केल्या, पेटी घेतली. वायरमन म्हणाला, "आत बसा, दार ओढून घ्या, आणि जिथे असते तिथे ठेवा." ती आत बसली. पेटी कप्प्यात. टप.

माझ्यातून थेंब सुटला. मीटरचा आकडा उडाला.

"काढा."

टक. शून्य.

"परत ठेवा."

टप. परत आकडा.

वायरमन गुडघ्यावर बसून झाकणाच्या फटीला डोळा लावून आला आणि हसला. "काकू, आतला बल्ब विझतच नाहीये! पेटी उंच आहे, झाकण शेवटपर्यंत बसत नाही. रात्रंदिवस दिवाळं निघत होतं बॅटरीचं!"

"बल्ब?" मालकीण म्हणाली.

"हो. हात लावून बघा, तापतो केवढा."

"म्हणजे पेटी कोमट असायची ती..."

"बल्बाने, काकू."

दोन शब्द. लागला निकाल.

ती तशीच बसून राहिली, पेटी मांडीवर घेऊन. लेकाला काही उमगेना. त्याने वाकून पेटी उघडली.

"आई... ही बाबांची कवळी?"

"मग काय माझी?" वन्सं म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्या पुढे आल्या आणि भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, सांगायचं नाही का मला? मी काय हसले असते?"

"हसला असतात."

"हो, हसले असते. आणि मग तुझ्याबरोबर बसले असते."

यावर मालकीण हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. वायरमन लगबगीने माझ्याकडे येऊन काहीच काम नसताना माझी टोकं घट्ट करू लागला. लेक कवळीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. बिनदातांचं ते गाणं त्यालाही आठवलं असणार, लहानपणी त्याने दुसरं कुठलं ऐकलं होतं?

मग त्याने पेटी मिटली आणि किल्ली आईच्या हातात ठेवली. "तू मार सेल्फ."

वायरमनने मीटर काढून केबल परत जोडल्या. मालकिणीने नाक पुसलं, किल्ली फिरवली. मी इंजिनाला अशी हाक मारली की ते दचकून उठलं.

"बॅटरीत काही दोष नव्हता," वायरमन म्हणाला. एवढं एक वाक्य. चारचौघांत म्हणाला, म्हणून इथे सांगून ठेवतेय.

साबणाची डबी घासूनपुसून परत कप्प्यात आली. कवळी तिच्यात गेली. रिकामी पेटी लेकाने मागून नेली, घड्याळ त्याच्याकडेच होतं. वायरमन बल्ब काढून टाकतो म्हणाला, तर मालकीण म्हणाली, "राहू दे. त्याची काय चूक?" मग तिने झाकण लावलं.

टक.

दुसऱ्या सकाळी चहा झाल्यावर ती सवयीने पुढे आली. कप्पा उघडला. डबी हातात घेतली. डबी गार होती. पत्र्याची डबी पहाटे जितकी गार असायची तितकी गार. ती काही म्हणाली नाही. डबी ठेवली, टक केलं, खाली उतरली आणि बोनेट उघडलं. तेल बघायला असेल असं मला वाटलं. तिने माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

मीही गारच होते. रात्रभर कोणी काही प्यायलं नाही की बॅटरी गारच असते. तीच तिची तब्येत.

"तू होतीस होय," ती म्हणाली. "बरं."

बोनेट लावून ती गेली. आत वन्सं ओरडत होत्या की कात्री कोणी घेतली.

आता माझं फार राहिलेलं नाही. इंजिनाच्या बॅटरीला इतक्या वेळा तळापर्यंत उतरवलं की आतल्या पट्ट्यांवर मीठ धरतं, ते मग निघत नाही. गार सकाळी मला दोनदा दम घ्यावा लागतो. वायरमनने सांगितलंय, येत्या थंडीच्या आत नवी घाला. मालकीण घालेल. मला भंगारात नेतील, माझं शिसं वितळवतील आणि त्याची दुसरी कोणीतरी होईल. वाईट वाटत नाही. सुताराच्या हाताखाली जुनं दार पाट होऊन निघायचं, ते मी ऐकलंय.

जाता जाता एक सांगते, तेवढं ध्यानात ठेवा. सकाळी एखादी उठेनाशी झाली, मग ती बॅटरी असो नाहीतर घरातली बाई, तर "हिच्यात आता दम नाही" असं एकदम म्हणून टाकू नका. रात्रभर तिच्यातलं कोण पितंय ते आधी बघा. आणि पिणारा तुमच्या जिवाभावाचा निघाला, तरी तिला एकदा सांगा की आम्हाला कळलंय.

आणि गाडी लावून उतराल तेव्हा कप्प्याचं झाकण हाताने दाबा. लागल्यासारखं दिसतंय यावर जाऊ नका. कान द्या.

टक वाजलं पाहिजे.